"तू छानच दिसतेस" म्हणून भागत नाही

आधीच सांगून टाकते, लेकीला स्वतःचं दिसणं खटकायला लागलं तेव्हा "अगं छान दिसतेस की तू" या वाक्याचा आमच्या घरात काडीचा उपयोग झाला नाही. मी मनापासून म्हणायचे, नवरा म्हणायचा, आजी तर दिवसातून चारदा म्हणायची आणि लेकीचं उत्तर ठरलेलं, "तू आई आहेस, तू हेच म्हणणार." आता यावर काय बोलणार. शिवाय तिचं लॉजिक असं की सगळे मिळून इतक्या वेळा सांगतायत म्हणजे काहीतरी गडबड असणारच, ज्या मुली खरंच छान दिसतात त्यांना कोणी असं समजावत बसतं का? खरं सांगायचं तर मला हे पटलं.

लेक आता चौदाची आहे, हे सुरू झालं साधारण बाराव्या वर्षी. आधी फोटो बंद झाले. ग्रुप फोटो काढायचा म्हटलं की ही नेमकी तेव्हाच पाणी प्यायला आत. मग भर उन्हाळ्यात जाड हुडी, बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. मग पोहण्याचा क्लास, जो तिचा जीव की प्राण होता, तो "केस खराब होतात" म्हणून सुटला. यातलं एकेक सुटं घेतलं तर काहीच नाही, वयात येताना मुलं लाजतात आणि लाजू देत की. पण सगळं शेजारी शेजारी ठेवलं की दिसायला लागलं की हिने कुठे जायचं, काय घालायचं, कोणाबरोबर बसायचं हे सगळं आता आरसा ठरवतोय. आणि मग एका संध्याकाळी जेवताना घोषणा झाली, "मी आजपासून डाएट करतेय."

डाएट हा शब्द आल्यावर मात्र मी मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. वजनासाठी नेतेय असं तिला सांगितलं नाही, नेहमीची तपासणी राहिलीच होती तीच करून घेऊ म्हटलं. जायच्या आधी डॉक्टरांना फोन करून ठेवला की घरात असं असं चाललंय, तर वजनाचा आकडा तिच्यासमोर मोठ्याने वाचू नका. असं आधी सांगून ठेवता येतं हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. मुलीला काट्यावर पाठमोरं उभं करतात, नर्स आकडा कागदावर लिहून आत देते, विषय संपला.

डॉक्टरांनी वाढीचा तक्ता काढला. तोच तो, खाली वय लिहिलेलं आणि वर चढत जाणाऱ्या वाकड्या रेघा. लेकीचे अगदी तान्हेपणापासूनचे ठिपके त्यावर होते, ते त्यांनी तिलाच पेन्सिलीने जोडायला लावले. तिची रेघ शेजारच्या छापील रेघेचा हात धरून वर चालली होती, कुठे उडी नाही की खड्डा नाही. "मी आकडा बघतच नाही, मी ही रेघ बघते, ती एकदम पडली किंवा एकदम उसळली तर मला काळजी," असं म्हणून त्यांनी तिला एक हिशोब सांगितला जो मलाही नवीन होता. मोठेपणी आपलं जे वजन असतं त्यातलं जवळपास निम्मं या वयात येण्याच्या काळातच अंगावर येतं, उंचीचा मात्र पाचवा वाटाच. मुलींच्या मांड्या, कंबर, छाती यांच्यावर चरबी येणं हे त्या कामातच धरलेलं असतं, तो बिघाड नाही. वर मुलींची वाढीची उसळी मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येते, त्यामुळे त्या वयाच्या वर्गात मुली एकदम थोराड दिसतात आणि पोरं अजून पोरंच. त्यात हात-पाय आधी लांब होतात, धड मागून येतं, नाक कधी चेहऱ्याच्या पुढे धावतं. "बांधकाम चालू आहे गं तुझं, अर्ध्या इमारतीचा फोटो काढून नावं कशाला ठेवतेस?" लेक खुदकन हसली. मी तेवढ्यानेच अर्धी निवांत झाले.

मग मला बाहेर बसवलं आणि त्या दोघीच बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही, तिने नंतर थोडं थोडं सांगितलं की पाळी नियमित आहे का, चक्कर येते का, जेवण चुकवतेस का, खाल्लेलं मुद्दाम उलटून काढतेस का, असं सगळं सरळ विचारलं. मला एवढं आवडलं ते सरळ विचारणं, आपण घरी किती आडवळणाने जातो.

निघताना माझ्या हातात त्यांनी काही डाएट चार्ट वगैरे दिला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली याच विषयावर मार्गदर्शन काढलंय त्याबद्दल सांगितलं. गंमत म्हणजे त्यात लठ्ठपणा टाळायचा असो की खाण्याचे विकार टाळायचे असोत, घरच्यांना सांगितलेल्या गोष्टी त्याच आहेत. पोरांना डाएटला लावू नका, त्यांच्या वजनावर बोलू नका, चिडवू तर अजिबात नका, जमेल तितक्या वेळा एकत्र जेवा, आणि शरीराबद्दल बरं वाटेल असं वातावरण ठेवा. या वयात डाएट करणारी मुलं पुढे उलट वजन वाढवून बसण्याची शक्यता जास्त, आणि विकाराकडे घसरण्याचीही. म्हणजे ज्यांना वाटतं की "थोडं टोचून बोललं की पोर जरा मनावर घेईल" त्यांचा हिशोब दोन्हीकडून चुकतो.

घरी आल्यावर मी नियम काढला. या घरात कोणाच्याही शरीरावर बोलायचं नाही, घरातल्या नाही, बाहेरच्या नाही, टीव्हीवरच्या नटीच्या सुद्धा नाही. वाईट तर नाहीच पण चांगलंही नाही. नवरा लगेच, "चांगलं पण नाही? कौतुक करायला काय हरकत आहे?" तर हरकत अशी की "बारीक झालीस, मस्त दिसतेस" हे ऐकणाऱ्याला दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे आधी मस्त दिसत नव्हते आणि दुसरी म्हणजे हे लोक माप घेत असतात. एखादी आजारी पडून वजन उतरवून आली तरी लोक हेच म्हणतात ना.

नवऱ्याचा स्वतःच्या पोटावर विनोद करायचा स्वभाव आहे. जेवण झालं की पोटावर थाप मारून "हे बघा आमचं गाठोडं" वगैरे, सगळे हसतात, तोही हसतो. नियमात हेही आलं तर तो म्हणाला मी माझ्याच पोटाबद्दल बोलतोय, त्यात कोणाला काय लागायचंय. त्यावर लेक ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी तुझ्यासारखीच आहे असं तूच सगळ्यांना सांगतोस." बस्स. गाठोडं त्या दिवसापासून बंद.

आजीचं प्रकरण जरा अवघड होतं कारण तिचं सगळं प्रेम नातवंडांच्या अंगावरूनच व्यक्त होतं. एक वाळला, एक भरली, याचा चेहरा उतरलाय, हिचा रंग काळवंडलाय. मी म्हटलं, आई, हे सगळं सोडून दुसरं काहीही विचारा. तर त्या अगदी निरागसपणे म्हणाल्या, "मग मी विचारू तरी काय गं?" मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं, कारण खरंच त्यांना आयुष्यभर कोणी दुसरं काही विचारलंच नसणार. मग आम्ही दोघींनी बसून प्रश्न ठरवले, सध्या काय वाचतेस, मैत्रिणींमधे कोणाचं कोणाशी वाजलंय, तुझ्या मोबाईलमधलं ते मजेशीर काय ते दाखव. भांडणांची चौकशी आजीला फार आवडली, आता तिला वर्गातल्या सगळ्या गटांची नावं पाठ आहेत.

नणंदबाईंना मात्र फोनच करावा लागला. ती आली की चपला काढायच्या आधी, दारातच, "अगंबाई, केवढी सुटलीये ही!" म्हणायची पद्धत. मी म्हटलं ताई, यावेळी तिच्या अंगाबद्दल काही बोलू नका, प्लीज.

"अगं मी प्रेमानेच म्हणते ना."

"माहितीये ताई, तिलाही माहितीये. पण प्रेम विसरलं जातं हो, वाक्य राहतं."

"म्हणजे आता भाचीशी बोलायचीही चोरी झाली का?"

मी काही बोलले नाही. थोडं गार गार झालं बोलणं. पण आली तेव्हा दारात एक क्षण थांबली, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "काय गं, ड्रम कुठवर आलाय?" या बाईंबद्दल मला त्या दिवसापासून फार आदर आहे, चाळीस-पन्नास वर्षांची सवय दारात गिळणं सोपं नाही.

ड्रमचं सांगायचं राहिलं. पोहणं सुटलं होतं आणि "खेळ खेळ, व्यायाम कर" म्हटलं की तिला ते वजनासाठीच म्हणतायत असं वाटायचं, आणि त्यात तिचं फार चुकत नव्हतं. तिला ड्रम शिकायचे होते ते लावून दिलं. चारही हात-पाय वेगवेगळ्या तालात चालवायचे, घामाघूम होऊन येते, आणि तिथे कोणी बघत असलं तरी ते ऐकत असतात. शरीर कसं दिसतं याच्याऐवजी ते काय काय करतं याकडे लक्ष वळवायचं, हा या विषयावर काम करणाऱ्या लोकांचा एक नेहमीचा मार्ग आहे, त्यावर रीतसर लिहायचे व्यायाम असतात, पाय मला कुठे नेतात, हात काय करतात, कान, त्वचा, झोप, असं रोज थोडं लिहायचं. तिने ते लिहिणं दोन दिवसात सोडून दिलं. ड्रम नाही सोडले.

आता कॅमेऱ्याचा किस्सा, जो माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडला आणि त्यात उपदेश शून्य होता. तिने मला एक सेल्फी दाखवला, "बघ, माझं नाक केवढं आहे, खोटं बोलू नकोस." मी खोटं बोलले नाही, फोटोत नाक मोठंच दिसत होतं. नवरा तिथेच होता आणि त्याला मापं घ्यायला कारणच हवं असतं. त्याने मोजपट्टी आणली, भिंतीला टेकून लेकीला उभं केलं आणि तिच्या चेहऱ्यापासून तीस सेंटीमीटरवर एक चिकटपट्टी लावली, दीड मीटरवर दुसरी. दोन्हीकडून त्याच फोनने, त्याच उजेडात फोटो. मग लांबचा फोटो कापून चेहरा जवळच्या फोटोएवढा मोठा केला आणि दोन्ही शेजारी ठेवले. लेक बघतच राहिली. जवळच्यात नाक पसरलेलं, कान जवळजवळ गायब, कपाळ फुगलेलं, आणि लांबच्यात आपली रोजची मुलगी. मग भावाला उभं केलं, मग बाबाला, बाबाचं नाक तर जवळून असं आलं की आजीला बोलावून दाखवलं.

हे काही आमच्या फोनचं वैशिष्ट्य नाही. २०१८ मधे अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडून छापलंय, बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. कारण साधं आहे, नाक कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ आणि कान लांब, आणि इतक्या जवळून तेवढाही फरक मोठा होतो. म्हणजे हातात फोन धरून काढलेला सेल्फी हा कोणीही आपल्याला बघतं त्या अंतरावरून काढलेला नसतोच, तोंडाला तोंड लावून कोण बोलतं? त्यात भर म्हणजे आपण स्वतःला आयुष्यभर आरशात उलटं बघितलेलं असतं, डावं ते उजवं, त्यामुळे सुलटा फोटो आला की काहीतरी वाकडं वाटतं. १९७७ सालचा एक जुना प्रयोग आहे त्यावर, लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना त्यांचाच सुलटा. म्हणजे मैत्रिणीला जी आवडते ती वेगळीच मुलगी आहे आणि ती आपल्याला कधी दिसतच नाही! लेकीने हा चिकटपट्टीचा खेळ मैत्रिणींना जमवून परत केला. एवढ्या पोरी एका भिंतीपाशी नाकं लावून हसतायत हे बघायला मजा आली.

मोबाईल काढून घ्या असं सगळेच सुचवतात. आम्ही काढून घेतला नाही, कारण तिच्या मैत्रिणी तिथेच आहेत आणि चोरून बघितलेलं तर माझ्याशी बोललंही जाणार नाही. पण वेळ कमी केला, घरातल्या सगळ्यांचा, नवऱ्याचाही. २०२३ साली छापलेला एक अभ्यास आहे, १७ ते २५ वयाच्या २२० मुलामुलींवर, त्यातल्या निम्म्यांना तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला एका तासावर आणायला सांगितला होता आणि त्यांना स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटायला लागलं. कोणी त्यांना समुपदेशन केलं नव्हतं, नुसतं बघणं कमी केलं होतं. हे मी लेकीला वाचून दाखवलं तर म्हणे "सतरा ते पंचवीस, मी चौदाची आहे, मला लागू नाही." असो. मग आम्ही दोघी बसून तिचं फीड साफ केलं. जी अकाउंट बघून झाल्यावर कसंतरी वाटतं ती बंद, कोणती ते तिनेच ठरवायचं, मी नुसती शेजारी. "एका दिवसात काय खाते" छापाचे व्हिडिओ, पोट सपाट करण्याचे व्हिडिओ यांच्यावर "नको" दाबत सुटलो. एकदोन बघितले की तो फोन तसलेच आणून ओततो, तसंच ड्रमचे बघितले की ड्रमचेही ओततो, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं.

समुपदेशकाकडे जायला ती तयार नव्हती. मी जबरदस्ती केली नाही, "एकदा जा, नाही आवडली तर परत नाही" एवढंच. आवडली. ही बाई "तू सुंदर आहेस" असं एकदाही म्हणाली नाही म्हणे. उलट प्रश्न विचारायची. हे असं दिसायचं कोणी ठरवलं? सगळीकडे असंच असतं का? तू स्वतःला नावं ठेवलीस की कोणाचा माल खपतो?

फिजीची गोष्ट तिथेच निघाली. फिजीमधे भरलेल्या अंगाचं कौतुक असायचं, बारीक होणं म्हणजे काहीतरी बिघडलंय, माणसाची कोणी काळजी घेत नाहीये असं समजायचे. १९९५ मधे एका भागात टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधक तेव्हा आणि परत १९९८ मधे तिथल्या शाळकरी मुलींना भेटल्या. प्रश्नावलीत खाण्याबद्दलचा बिघाड दाखवणारे गुण सुरुवातीला १२.७ टक्के मुलींचे होते, तीन वर्षांनी २९.२ टक्के. जेवण उलटून काढून वजन उतरवणं हे आधी कोणीच करत नव्हतं, नंतर काही मुली करायला लागल्या. लेक घरी आली ती चिडून, "म्हणजे त्या आधी ठीक होत्या! त्यांना कोणीतरी येऊन सांगितलं की तुम्ही ठीक नाही!" इतके दिवस हा राग ती स्वतःवर काढत होती, आता तो पहिल्यांदा बाहेर कुठेतरी गेला. मी मनात म्हटलं, बरं झालं, जाऊ दे तिकडेच.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्र. बॉडी प्रोजेक्ट नावाचा एक कार्यक्रम आहे, एरिक स्टाइस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला, बऱ्याच देशात चालतो. त्याची मेख अशी की मुलींना काही पटवून द्यायचं नाही, त्यांनाच दुसऱ्याला पटवून द्यायला लावायचं. माणूस स्वतःच्या तोंडाने एखाद्या गोष्टीविरुद्ध बोलला की मग त्याच गोष्टीला मनात धरून राहणं त्याला अडचणीचं होतं. त्यातलाच एक स्वाध्याय म्हणजे आपल्यापेक्षा लहान मुलीला पत्र लिहायचं, बारीक दिसण्याच्या मागे लागलीस तर काय काय जाईल ते. लेकीने मामेबहिणीला डोळ्यासमोर ठेवून लिहिलं. मला दाखवलं नाही, मी मागितलंही नाही, पण जेवताना एक वाक्य तिने आपणहून वाचून दाखवलं. "तुला वाटेल सगळे तुझ्याकडेच बघतायत, पण ते पण तेव्हा त्यांच्याकडे कोण बघतंय तेच बघत असतात." याच अर्थाचा एक प्रयोग २००० मधे छापलेला आहे, विद्यार्थ्यांना लाजिरवाणा वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं जवळजवळ निम्म्या लोकांनी बघितला असेल, प्रत्यक्षात पाव लोकांच्याही लक्षात आला नव्हता. पण तो प्रयोग मी तिला सांगितला नाही, तिचं वाक्य चांगलं होतं.

आता थोरला. हे सगळं चालू असताना आमचं लक्ष मुलीकडे, आणि हा सोळा वर्षांचा पोरगा आतल्या आत दुसरंच काहीतरी करत होता. कपडे वाळत घालताना माझ्या लक्षात आलं की याचे टीशर्ट जोडीने धुवायला येतायत. एकावर एक दोन घालत होता, खांदे रुंद दिसावेत म्हणून. त्याला मित्र "हँगर" म्हणायचे. मुलांना या विषयावर बोलायलाही जागा नसते, मुली निदान एकमेकींपाशी रडतात, हे पोरं चेष्टेत घेतात आणि घरी येऊन दार लावतात. त्याने ऑनलाईन बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचं, गणित करून बघितलं होतं आणि उत्तर आलं "अंडरवेट", तेव्हापासून याच्या डोक्यात भुंगा. डॉक्टर म्हणाल्या ते मोठ्या माणसांचं माप आहे, वाढत्या मुलांना वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावरच बघावं लागतं, आणि तक्त्यावर हा अगदी व्यवस्थित होता. मुलांची आधी उंची वाढते, स्नायू आणि ताकद मागून भरत जाते, हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एका वर्षात ताडमाड झालेला पोरगा काटकुळाच दिसणार ना.

त्याच्याशी मी बोलले नाही, बाबा बोलला. बाबाने लहानपणीची त्याची सैनिकाची बाहुली शोधून काढली, साधा माणसासारखा माणूस, आणि हल्लीची तशीच एक बाहुली शेजारी ठेवली, दंड डोक्याएवढे. हॅरिसन पोप या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ मधे हेच मोजून छापलं होतं, तीसेक वर्षांत या बाहुल्यांचे दंड आणि छाती फुगतच गेलेत, आणि त्यातल्या काही माणसाच्या उंचीच्या केल्या तर त्यांचे दंड कुठल्याही बॉडीबिल्डरला मिळणार नाहीत इतके मोठे होतील. पोराने दोन्ही बाहुल्या हातात घेऊन बघितल्या, काही बोलला नाही, पण त्या त्याच्याच टेबलावर राहिल्या.

डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती ती इथे लिहितेच. नाराजी वेगळी आणि आजार वेगळा. वजन भराभर उतरणं, पाळी थांबणं, चक्कर, सारखी थंडी वाजणं, जेवणानंतर लगेच बाथरूम गाठणं, ताटातलं नुसतं फिरवत बसणं, सगळ्यांबरोबर जेवणं टाळणं, व्यायाम एक दिवस चुकला तरी कासावीस होणं, यातलं काही दिसलं तर "वय आहे, होईल ठीक" म्हणून थांबायचं नाही, लगेच डॉक्टरकडे. अॅनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा विकार, हा मानसिक आजारांमधे सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांपैकी एक आहे. आणि खाण्याचा विकार असलेलं मूल हाडकुळंच दिसेल असंही नाही, जाड किंवा मध्यम अंगाच्या पोरांनाही होतो, मुलींसारखा मुलग्यांनाही होतो, तिथेच तो सुटून जातो नजरेतून.

आमच्याकडे ती वेळ आली नाही. लेक ग्रुप फोटोत येते, कडेला उभी राहते, पण येते. बिनबाह्यांचे कपडे अजून घालत नाही, दंड आवडत नाहीत म्हणते, मी "बरं" म्हणते. स्वतःचं सगळंच आवडायला हवं असा काही नियम नाही, नाही आवडत एखादी गोष्ट तर नाही आवडत, तिच्यापायी दिवस अडू नये एवढंच. पोहायला अजून गेलेली नाही. समुपदेशकाकडे आता अधूनमधून जाते, तिला वाटेल तेव्हा.

थोरल्याची वाटाघाट चालू आहे. त्याला जिम हवी होती, ती डॉक्टरांनी मान्य केली, शिकवणारा नीट हवा आणि उचलायचं वजन हळूहळू वाढवायचं या अटीवर. पावडरवर मात्र अडलंय. तो म्हणतो सगळे घेतात, मी म्हणते औषधासारखी आधी तपासून ती बाजारात येत नाही, आत काय आहे याची खात्री नाही, तो म्हणतो लेबलवर लिहिलंय, नवरा म्हणतो मला विचारू नका. शेवटी लेबलचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "त्यालाच घेऊन या, मी बोलते, तुम्ही बाहेर बसा." पुढच्या आठवड्याची वेळ मिळालीये.